सुईचं टोक आणि तारामावशी

सुईचं टोक मी टेबलावरच ठेवलं होतं. घसा फोडून सांगितलं, तरी एकीनंही विश्वास ठेवला नाही. ते सांगतेच. पनवेलच्या आमच्या शिलाई कारखान्यात किस्से कापडाच्या तुसासारखे साचायचे, किती झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच.

*

सांडलेल्या टाचण्या उचलायला एक लोहचुंबक होतं. ते तारामावशीकडे. मावशी जवळच्या नेरे गावची, कारखान्यात साफसफाईला. नव्यानं लागलेल्या रेश्मानं मला विचारलं, टाचण्या त्याला का चिकटतात? मी चौथी शिकलेली, मला काय ठाऊक!

मावशी म्हणाली, "त्याला कुनाला बोलवाय लागत नाय. समोरचा आपसूक येतो."

*

मग चुंबक हा शब्द आम्ही कशालाही लावायला लागलो. दुपारी पंखे गरगरायचे, उन्हाच्या पट्ट्यात धागे तरंगायचे, मशीनच्या आवाजानं गुंगी यायची. रेश्माच्या मोबाइलवर मिस कॉल आला की शेजारच्या मशीनवरची पुटपुटायची, "चुंबक आलं गं." रेश्माचे डोळे गेटकडे. एकदा फ्रॉकच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या तिनं!

*

माझं चुंबक निराळं. मावशीनं सुकटीचा डबा उघडला की माझे पाय तिकडे.

"श्रावन हाय ना तुजा?"

"आहे. पायांना कुठे माहितीय?"

*

सुई मोडली की तुकडा न् तुकडा वहीत चिकटवायचा, मगच नवी सुई. लहान मुलांचे फ्रॉक, टोक राहिलं तर बाळाला टोचेल. त्या सकाळी माझी सुई मोडली. टोक टेबलावर ठेवून वही आणायला गेले, परत येते तर टोक गायब. सगळे फ्रॉक अडकले. सुपरवायझर सर मला म्हणाले, टोक सापडलं नाही तर उद्यापासून येऊ नका.

तीन तास मावशी चुंबक त्याच्या कापडी पिशवीसकट फिरवत होती. फ्रॉक, फरशी, माझे केससुद्धा. शेवटी मी ते हिसकावलं आणि मावशीनं हौसेनं शिवलेली ती पिशवी ओढून काढली. टोक आत, चुंबकालाच चिकटलेलं. मी वही आणायला गेले तेव्हा मावशीनं टेबलावरून चुंबक फिरवलं होतं, आणि न बघता पिशवीत घातलं होतं.

वय झालं म्हणून मावशीला काढायला सर निमित्तच शोधत होते. त्यांनी वही उघडली. चूक कोणाची, नाव सांगा म्हणाले.

मशीनं थांबली होती. उन्हात धागे तेवढे हलत होते. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "लिहा सर. लोहचुंबक."