पायरी

लकव्याचा झटका आल्यापासून नेमगोंडाआण्णांचा डावा पाय घराच्या उंबरठ्याएवढा उचलला जायचा, त्याच्या वर नाही. कोल्हापुरात व्यायामाला न्यायचं चुकवू नका, नाहीतर पाय आखडून बसेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नेहमी रिक्षा परवडेना. त्यातच उचगावच्या सहकारी बससंस्थेनं नवी गाडी घ्यायचं काढलं, आणि खरेदी समितीत बाईमाणूस पाहिजे म्हणून त्यांच्या बायकोला, प्रभावतीकाकूंना घेतलं. काकूंना वाटलं, देवानंच वाट काढली.

पटांगणात दोन नमुन्याच्या गाड्या आल्या. एकीची पायरी गुडघ्याच्या वर, दुसरीची अगदी खाली. काकूंनी आण्णांनाच तिथं नेलं. खालच्या पायरीच्या गाडीत आण्णा काठी टेकत आपले आपण चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. उतरायचं नावच घेईनात.

"आण्णा, गाडी इकत घेटल्यावर बसा की," चेअरमन अमरसिंह हसले. "काकू, हीच घ्यायची बघा."

समितीनं तीच लिहून दिली.

मग वार्षिक सभा. सचिवानं माईकवर वाचलं, "समितीच्या शिफारशीनुसार, आवश्यक त्या फेरबदलासह, बसखरेदी..." आपल्याकडं मंजूर म्हणायला वाक्य संपायची वाट कोण बघतं? 'समितीच्या' एवढं कानावर पडलं आणि मंडपानं 'मंजूर, मंजूर' सुरू केलं. काकूंचाही हात वर गेला, शेजारणीपेक्षा वीतभर उंच.

गाडी आली ती उंच पायरीची.

"ही न्हवं की आपली," काकू चेअरमनना म्हणाल्या.

"फेरबदल झाला, काकू. आपल्या पावण्याचंच शोरूम हाय. लगीच दिली त्येनं."

"आमाला इचारायचं तरी."

"सभेत इचारलं की. तुमी तर पुढं बसून हात वर केलासा. आता गाडीला ओवाळायचं बी तुमीच."

शुभकामाला नाही कसं म्हणायचं? काकूंनी गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मनात णमोकार मंत्र म्हटला. रोजचा पाठ, पण मध्येच अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हणून मग नारळ वाढवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी दोघं थांब्यावर उभी राहिली. कंडक्टर पिराजीनं खाली उतरून आण्णांच्या काखेत हात घातला. पाय पायरीच्या कडेला लागला आणि खाली आला. परत लागला, परत आला.

"आवरा की, कामावर जायाचं हाय," आतून कुणीतरी म्हणालं. त्याचंही खोटं नव्हतं.

"सोड बाबा," आण्णा पिराजीला म्हणाले. "जाऊ दे लोकास्नी."

गाडी गेली. घराकडं वळताना आण्णांनी विचारलं, "तू ती बारक्या पायरीची लिवून दिलीतीस न्हवं?"

"दिलीती की."



दुपारी पायरीच्या सरावाला म्हणून काकूंनी उंबरठ्यावर देवापुढचा पाट ठेवला आणि आण्णांना पाय उचलायला लावला. जमलं नाही. पाट पुसून काकूंनी परत देवापुढं ठेवला.