नळीत राहिलेला बार

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला, तरी बर्थाच्या बेसमेंटमध्ये कुजक्या अंड्यांचा वास आला नव्हता. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला, की तिचा नवरा सिरील आपली ठासणीची बंदूक घेऊन तडक बेसमेंटमध्ये उतरायचा, कपडे धुण्याच्या टबात कढत पाणी सोडायचा आणि नळी धुवायला बसायचा. जळलेल्या दारूचा गंधकासारखा वास मग दोन दिवस टॉवेलांतून जात नसे. बर्था कुरकुरायची. "आधी बंदूक, मग जेवण," एवढंच त्याचं उत्तर. काळ्या दारूची राख एक रात्र नळीत राहिली तरी लोखंड खाते, असं तो म्हणायचा. यंदा हंगाम संपून दोन आठवडे होत आले होते, आणि चिंध्यांची पिशवी खुंटीवर जशीच्या तशी लटकत होती.

हा नाद लावणारी मूळ बंदूक वसईतली. सिरीलच्या बापाकडे तशी एक होती, लायसनवाली. चिकूवर वटवाघळं उतरली की म्हातारा तिचा बार काढायचा, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करून यायचा. सिरील एकोणनव्वद साली कॅनडात आला, ऑशवाच्या एका कारखान्यात लागला. तिथल्या डगने त्याला पहिल्यांदा जंगलात नेलं. डगकडे एकापेक्षा एक नव्या बंदुका होत्या. सिरीलने मात्र शोधून शोधून ठासणीचीच घेतली. वरून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, आणि मग एकच बार. चुकला तर चुकला. व्हिटबीच्या चर्चमधली मंडळी हसायची. तो म्हणायचा, "हरीण मिळालं तर डगचं, नाही मिळालं तर माझं."

त्या गुरुवारी बर्था चार वाजता घरी आली. नर्सिंग होममध्ये सात ते तीनची ड्युटी, मजल्यावर दोन बायका कमी, म्हणजे बावीस म्हातारे तिघींच्या अंगावर. उचलायचं, पुसायचं, भरवायचं. एकसष्टाव्या वर्षी कंबर शब्द ऐकत नव्हती. बूट काढायला वाकली तेव्हा क्षणभर तिथेच दारात बसून राहावं असं तिला वाटलं. सिरील सोफ्यावर बसून हॉकी बघत होता.

"बंदूक धुतली नाहीस का रे?" तिने सहज विचारलं.

"धुतली की. तू ड्युटीवर होतीस."

"कधी?"

"अगं त्याच दिवशी. आल्या आल्या." त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बर्था उठून खाली गेली. चिंध्या कोऱ्या. तेलाच्या बाटलीवर धूळ. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकली. ऑगस्टमध्ये गाडी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये विसरून तो चालत घरी आला होता. विंटर टायर लावायला दोनदा अपॉइंटमेंट घेतली होती. चर्चमध्ये जॉर्जिनाला तिच्या मेलेल्या नवऱ्याची खुशाली विचारली होती. प्रत्येक वेळी बर्थाने कारण शोधलं होतं: वय झालं, झोप कमी, ऐकू कमी येतं. दिवसभर जे बघून ती पैसे मिळवत होती, तेच घरात बघायची तिची छाती नव्हती.

कामावर नव्या मुलींना ती शिकवायची, की म्हाताऱ्यांना 'आठवतंय का' असं कधी विचारू नये. वाद घालू नये. हाताला काम द्यावं. ती वर आली आणि अगदी त्याच आवाजात, जो आवाज तिने बावीस परक्यांसाठी राखून ठेवला होता, म्हणाली, "सिरील, चल ना खाली. बंदूक कशी साफ करतात ते मला दाखव. इतकी वर्षं नुसती कुरकुर केली, शिकले नाही."

तो खूश झाला. खिशातून कपाटाची किल्ली काढली, चापाचं कुलूप काढलं आणि बंदूक बाकावर ठेवली. तोंडाशी तांबूस गंजाची कड आली होती. बर्थाने ती बघितली, त्यानेही बघितली.

"ही दमट हवा," तो म्हणाला. "आत बघायला हवं." आणि नळीच्या तोंडावर डोळा लावायला तो वाकला.

"आधी गज!" बर्था ओरडली.

तो दचकून मागे झाला. हा त्याचाच नियम होता. मुलगी सॅन्ड्रा लहान असताना त्याने तिला, बर्थाला, घरी येईल त्या पाहुण्याला तो पाठ करायला लावला होता. गजावर कानशीने केलेली एक खूण होती. रिकाम्या नळीत गज टाकला की खूण बरोबर तोंडाशी यायची.

"रिकामी आहे गं," तो म्हणाला.

"असेल. तरी."

तिनेच गज घेतला, नळीचं तोंड भिंतीकडे केलं आणि बाजूला उभी राहून आत सोडला. खूण तोंडापासून चार बोटं वरच राहिली.

आत बार भरलेला होता. घर तापवणारी फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. सिरीलने गज काढून पुन्हा टाकला. पुन्हा चार बोटं. मग त्याने घोडा हळूच मागे ओढून खाली बघितलं.

"टोपी नाही," तो म्हणाला. "टोपी काढलेली आहे, बर्था. उडाली नसती."

"हो."

"एक बार मारला मी. चुकला. मग पुन्हा भरली. मग..." तो थांबला. "परतताना आम्ही नेहमी त्या वाळूच्या टेकाडात मारून रिकामी करतो. डग म्हणाला चल लवकर, बर्फ आलाय. की मीच म्हणालो?"

तो खुर्चीवर बसला. त्याचे हात मांडीवर असे पडले होते, की जणू दुसऱ्याचे कोणी तिथे ठेवून गेलंय.

"किती दिवस तुला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"ऑगस्टपासून."

"मला त्याच्याही आधीपासून," तो म्हणाला.

बर्थाला रडू यायला हवं होतं. पण तिला फक्त थकवा आला, पोटऱ्यांपासून मानेपर्यंत. एवढ्या महिन्यांत दोघं एकाच घरात एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते.

"आता ही गोळी कशी काढायची?" ती म्हणाली. या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता.

तो उठला. हातांना सगळं आठवत होतं. टोपीच्या भोकातून त्याने आत पाणी सोडलं. "दारू भिजली की मेली," तो म्हणाला. अर्धा तास दोघं थांबले. तिने वर जाऊन चहा करून आणला. मग गजाच्या टोकाला त्याने स्क्रू लावला, शिशाच्या गोळीत तो पिळून पिळून बसवला, आणि बर्थाने दस्ता कवटाळून धरला. तिसऱ्या हिसक्याला गोळी बाहेर आली. मागोमाग काळा चिखल.

मग नळी सुटी करून बुडाकडून साबणाच्या कढत पाण्यात उभी केली. चिंधी वरखाली करताना पाणी शाईसारखं येत होतं, नंतर गंजाचं तांबडं, मग राखाडी. वास सगळ्या घरात भरला. अकरा चिंध्यांनंतर बारावी स्वच्छ निघाली. कोरडी करून, तेल लावून सिरीलने नळीत दिव्याचा उजेड पाडला. "बुडाशी खड्डे पडलेत. आता ही आधीसारखी नाही राहिली," तो म्हणाला. "डगला फोन कर. त्याच्याकडे लायसन आहे. घेऊन जाऊ दे."

"हळूहळू ठरवू ना."

"आज मला कळतंय, तोवर कर."

रात्रीच्या जेवणाआधी तिने बर्नाबीला राहणाऱ्या सॅन्ड्राला फोन लावला. "मॉम, व्हाय डिडन्ट यू टेल मी?" सॅन्ड्रा पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शुक्रवारी फोन केला, तर डॉक्टरची तारीख फेब्रुवारीतली मिळाली.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर डग आला. बर्फाचे बूट दारातच काढून मोज्यांवर खाली उतरला. सिरीलने बंदूक त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "तोंड खाली करून ठेव. नाहीतर तेल बुडाशी उतरतं आणि टोपीचं भोक बुजतं. दारू वेगळ्या कपाटात. आठवड्यातून एकदा चिंधी फिरव."

डगने मान डोलावली. दोन मिनिटांनी सिरीलने तेच सगळं पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. डगने बर्थाकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने त्याने ते पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "तोंड खाली, बरोबर?"

"बरोबर," सिरील म्हणाला.

दोघं मिळून बंदूक बाहेर ट्रकपर्यंत घेऊन गेले. बर्थाने खिडकीतून बघितलं, ते बराच वेळ थंडीत बोलत उभे होते. सिरीलने टोपी घातली नव्हती. हाक मारावी असं तिला वाटलं, पण ती सोफ्यावर टेकली आणि तशीच, अंगावर मासचे कपडे असताना, झोपून गेली.