झाकण बसलं तरी

बोलता बोलता ती मध्येच थांबायची, उजवा तळहात कपाळावर टेकवायची आणि म्हणायची, "थांब गं. झाकण बसलंय. मी हाय हितंच." मग हातातलं काम पुढे चालू. नवीन माणूस गोंधळून जायचं. आम्हा शेजारणींना सवय होती.

कर्जतजवळच्या आमच्या गावात तिचं दार माझ्या दारासमोर. मी कमी बोलणारी, ती दोघींच्या वाटचं बोलायची. "तू नुसती मान हलव, बाकीचं मी बघते." अशी बाई एका उन्हाळ्यात गप्प झाली.

भाताचं रोप करायच्या जागेवर आमच्याकडे शेण आणि पाला पसरून पेटवतात. त्याला राब म्हणतात. त्या वर्षी तिच्या राबाची ठिणगी उडाली आणि रचून ठेवलेल्या पेंढ्याच्या उडवीने पेट घेतला. उडवीमागे तिची लहानगी मुलगी खेळत होती. ही धावत जाळात शिरली आणि पोरीला उचलून घेऊन आली. पोरीचा केससुद्धा जळला नाही. सगळे रडले, मग हसले. ती तेवढी नुसती उभी होती.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं आपटताना हळूच म्हणाली, "हे हात बघ. काम करतात, पण माझे वाटत नायत. मी पाण्याच्या तळाशी बसलेय आन तुमी सगळे वर बोलताय, असं होतं. कसला वास येत नाय. पोरगी हाक मारते, तर मला कायच होत नाय गं."

सासूलाही तिने खरं तेच सांगितलं, आणि तिथे फसली. हिच्यात ही नाही, म्हणजे दुसरं कोणीतरी आहे, असा सासूने अर्थ लावला. पोर त्याच दिवशी मोठ्या जावेकडे गेली. "बाधा उतरल्याबिगर पोरीला शिवायचं नाय," असं सासूने बजावलं.

डोंगरावरच्या वाडीतून म्हातारा भगत आला. बाधेने आपलं नाव सांगितलं की मग तिला काढायचं, अशी रीत. त्याने तांदूळ टाकले. "बोल, कोण हायस?" तिने स्वतःचं नाव सांगितलं. त्याने दरडावून विचारलं, तर तिने तेच नाव माहेरच्या गावासकट सांगितलं.

"खोटं बोलतंय ते!" सासू ओरडली.

भगताने शांतपणे तांदूळ गोळा केले. "बाय, हिच्यात हीच हाय. हिला काढून सोडू कुठं? डागदरला दाखव."

ओसरीवरची माणसं हसली. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आता मलापण हसू यायला पायजे होतं, ना गं?"

तिचा नवरा खोपोलीला कारखान्यात होता. तिथल्या दवाखान्यात मुंबईहून मेंदूचे डॉक्टर यायचे. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे भूत नाही आणि वेडही नाही. कपाळामागचा मेंदू आतल्या भावनांना आवरून धरतो. भीती फार मोठी झाली की तो झाकणच ठेवतो, उतू जाऊ नये म्हणून. कधी कधी ते झाकण नंतरही निघत नाही. मग माया, भीती काही पोचत नाही, आणि आपलाच हात परका वाटतो. आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही, पण असं असावं."

"मंग काढायचं कसं?"

"ओढून निघत नाही. सारखं तपासत बसलात तर आणखी घट्ट बसतं. रोजचं काम करत राहा. भीती आली तर येऊ द्या."

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मंग माया खालीच हाय. गेलेली नाय."

घरी आली आणि पाय न धुता सासूपुढे उभी राहिली. "आत्याबाई, पोर द्या."

"तुला माया तरी वाटते का तिची?"

"आज नाय वाटत. पण भात भरवायला हात लागतात, आन हात माझेच हायत."

एवढ्या ठाम आवाजात त्या घरात कोणी सून बोलली नव्हती. जाऊबाईंनीच पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

मग ती रोज पोरीला न्हाऊ घालायची, भात फुंकून भरवायची, वेणी घालायची. "वाटलं का काय?" मी विचारायची. "नाय. पण वेणी चांगली झाली बघ."

पुढच्या उन्हाळ्यात राब तिने हट्टाने स्वतः पेटवला. जाळ उठला तशी किंचाळली, थरथर कापली, आणि एकदम माझा दंड धरून म्हणाली, "वास आला गं! पाल्याचा, शेणाचा, समदा!" मग तिने पोरीला असं आवळलं की पोरगी ओरडली, "आये, सोड, दुखतंय!" ती रडत हसत होती.

झाकण पुढेही अधूनमधून बसायचं. ती कपाळाला हात लावायची आणि कामाला लागायची. हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण स्वतःला सोडायचं नाही असा हट्ट मी हिचाच पाहिला.

गेल्या वर्षी ती तापाने गेली. दिवसकार्य झाल्यावर लेक माझ्या पायरीवर येऊन बसली. "काकू, मी लहान असताना आईला वर्षभर माझी मायाच वाटत नव्हती, असं आजी म्हणायची. खरं का?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मला तर लहानपणचं एकच आठवतं. भाताचा घास, आणि त्याच्यावर फुंकर घालणारी आई."