नमुन्याची वाटी

काशीदला आमचं हॉटेल आहे. आमचं म्हणायचं, एवढंच. पाटीवर नवऱ्याचं नाव आणि चुलीपुढे मी. थळला आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं: एक स्वयंपाकी ठेवा, मंगळवारी मला माहेरी जाऊ द्या. मंगळवारी गिऱ्हाईकही कमी असतं. नवरा चक्क हो म्हणाला.

मुलाखतीला तिघं आली. नवरा खुर्चीत ऐसपैस बसून विचारत होता. दारू पिता का? शिमग्याला गावी पळणार का? सुटीचं त्यांनीच विचारलं, तर म्हणाला, "आठवड्याची एक देतोच की." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आल्यापासून मला ती एक कुणी दिली नव्हती.

मग परीक्षा. प्रत्येकाने बांगड्याचं कालवण करायचं. मला हुकूम झाला, "तुझी पन एक वाटी ठेव, नमुन्याला." मुरल्याशिवाय कालवणाची चव बघत नाहीत, म्हणून वाट्या झाकून ठेवल्या. कुठली कुणाची ते मलाच ठाऊक. माझ्या वाटीत मूठभर मीठ घालावं असं फार वाटलं. मीठ हातात घेतलंसुद्धा. पण हात धजेना. अन्न नासवू नये, हे आईनेच शिकवलेलं.

रेवदंड्याहून आलेल्या बाईचं कालवण खरंच चांगलं होतं. नवऱ्याने मान डोलावली, माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने माझी वाटी ओढली, भुरका मारला, बोटं चाटली.

"हे कुनी केलंय? त्यालाच ठेवायचा!"

"मी केलंय," मी म्हटलं.

तो पोट धरून हसला. "मग भायेरचा मानूस कशाला पायजे गो? तुझ्या हाताची सर न्हाय कुनाला."

चहा पाजून त्याने तिघांना वाटेला लावलं. निघताना रेवदंड्याची बाई म्हणाली, "नशीबवान हाव ताई, नवरा किती कौतुक करतो." मला ते शिवीसारखं लागलं. असल्या कौतुकाला आग लागो.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मिललं का गो मानूस?"

"मिळालं."

"मंग येशील ना मंगलवारी?"

"नाही गं आई. त्यांना मीच मिळाले."