कुंडलिकचा गाल

“बघतोस काय, हात फिरव रे!” हे कुंडलिकचं रोजचं बोलणं. घाटकोपरच्या कारखान्यात अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटारींच्या मानेवरचे फ्रेट, म्हणजे धातूच्या पट्ट्या, कानशीने घासून गुळगुळीत करायचं काम त्याचं. शेजारच्या बाकावर दत्ताराम त्या माना गिटारीच्या अंगात सरसाने बसवी.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दत्तारामच्या ध्यानात आलं, की कुंडलिक भिंतीकडे तोंड करून गिटारीची मान हळूच गालावरून फिरवतो. त्याची बोटं बधिर झाली होती; पट्टी कुठं टोचते ते आता गालालाच कळे. गालावर बारीक ओरखडे उठत. शेठला कळलं तर याचं काम जाईल, या धास्तीने दत्ताराम दाराकडे लक्ष ठेवी.

“गालाला काय झालं रे?” एक दिवस चंद्रप्रकाशशेठने विचारलंच.

“मांजर पाळलंय त्यानं,” दत्ताराम घाईने म्हणाला.

शेठ हसला नाही. त्याने एक गिटार कुंडलिकपुढे धरली. “बोट फिरव. कुठं टोचतं सांग.”

कुंडलिकने मानेच्या कडेवरून बोट नेलं. मधल्या एका पट्टीशी बोट कापलं, रक्त आलं, तरी ते पुढे सरकतच राहिलं.

“कुठंच नाही शेठ. एकदम झकास!”

मग लाकडावरची लाल रेघ त्याला दिसली. त्याने ती सदऱ्याने पुसली, कानस बाकावर ठेवली आणि तो गल्लीत उतरला. दत्तारामने ओल्या सरसावर नवी मान दोन्ही हातांनी दाबून धरली होती. सोडली असती तर सांधा वाकडा बसला असता. तो जागेवरूनच कुंडलिकला दूर जाताना बघत राहिला.