तिची पाच वाक्यं

सक्करदऱ्याला बायकांची दुपारची इंग्रजी बोलण्याची बॅच मी सतरा वर्षं घेतेय. दर नव्या बॅचला दुसऱ्या आठवड्यात ‘हॅव टू’ येतं आणि फळ्याकडे वळतानाच मला जांभई येते. जे जे करावंच लागतं, त्याच्या आधी हॅव टू लावायचं, एवढंच ते. मग आय हॅव टू कुक, आय हॅव टू क्लीन. दरवेळी तेच ऐकून कान किटलेत माझे.

गेल्या उन्हाळ्यात खापरखेड्याहून एक बाई यायची. एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षं आया होती. पेशंट उचलून उचलून तिची कंबर गेली होती. तिथेच काउंटरवर खुर्चीत बसायची एक जागा निघाली होती, पण मुलाखत इंग्रजीत होती. “हे जमलं नाही तं मले काम सोडा लागन, मॅडम,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

तिने लिहून आणलं: आय हॅव टू वेक अप ॲट फोर. आय हॅव टू कोम्ब माय मदर-इन-लॉज हेअर. आय हॅव टू कॅच द फर्स्ट बस. आय हॅव टू लिफ्ट हेवी पेशंट्स. आय हॅव टू स्माइल.

कित्येक महिन्यांनी मला वही वाचताना बरं वाटलं. आणि मी काय केलं? कूलर गरम हवा फेकत होता, घसा बसला होता, पंचवीस वह्या तपासायचं त्राण नव्हतं. माझी जुनीच खोड: चांगलं दिसलं की फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांना पाठ करायला लावायचं. ती लाजून हसत होती. तिला ते कौतुक वाटलं.

त्या जागेसाठी बाहेरच्यांनाही अर्ज करता येत होता. बॅचमधल्या आणखी तिघींना मीच पाठवलं. मुलाखतीत प्रत्येकीला रोजच्या दिवसाबद्दल विचारलं. तिघींनी तीच पाच वाक्यं घडाघडा म्हटली. हिचा नंबर शेवटचा. हिने पहिलं वाक्य म्हटलं आणि पुढची चार मुलाखत घेणाऱ्या साहेबांनीच हसत हसत म्हणून दाखवली. रट्टा मारून आलेली बाई नको, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती मला हे सांगायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. बाकावर बसली, पाणी प्यायली. मला तिच्याकडे बघवेना. तरी शरम झाकायला मी तिच्यावरच चिडले, “अहो, मग सांगायचं ना त्यांना, की ही वाक्यं माझी आहेत, यांनी माझी उचलली!”

“कसं सांगू, मॅडम? इंग्रजीतच बोला म्हणे. अन् तेवढं तं आपलं शिकून झालं नव्हतं.”