नळाच्या दिवशी टेकडीवर

आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आलं नव्हतं. "नळाकडं बघत किती वेळ बसणारेस?" म्हणत नवऱ्यानं मला आणि लेकीला गोगाबाबा टेकडीवर नेलं. मे महिना, वाळलेलं गवत, वारा औषधालाही नाही. ते दोघं पक्षी शोधत होते आणि मी मोबाइलला रेंज. घरी टाकी कोरडी ठणठणीत आणि यांना निसर्ग सुचतोय! माझं डोकं नुसतं तापलं होतं.

तेवढ्यात लेकीनं माझा हात घट्ट धरला. "आई, मोर! पिसारा फुलवतोय!"

मी वळणार, तोच शेजारच्या खालांचा फोन आला. "बेटा, पानी आ गया..." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. फोन कट केला आणि दोघांना ओढतच खाली आणलं.

घरी पोचलो तर खालांनी त्यांच्या नळाचा पाइप भिंतीवरून आमच्या टाकीत सोडलेला. टाकी काठोकाठ भरलेली.

"मैं बोल रही थी ना, आराम से आओ करके," खाला म्हणाल्या. "तूच फोन ठेवलास."

लेक पायरीवर बसली होती. मी तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं.

"आई, मोर पण आता आठवड्यानंच येईल का?"